सातव्या दिवसाचा रकाना

करिष्माच्या नावापुढं शून्य लिहून झाल्यावर संघर्षच्या लक्षात आलं की आपण अजून प्रश्न विचारलेलाच नाही. फोन तिकडं वाजत होता, कुणी उचलला नव्हता, आणि सातव्या दिवसाच्या रकान्यात त्याच्याच अक्षरातलं गोल, नीट मिटलेलं शून्य बसलं होतं. दुपारचे दोन वाजले होते. ऑपरेशन थिएटरच्या बाजूच्या खोलीत, जिथं भूलतज्ज्ञांचे चहाचे कप आणि जुने सिलिंडर एकत्रच राहतात, तिथं तो स्टुलावर बसला होता. पुढची केस आत घ्यायला दहा मिनिटं होती, आणि तेवढ्या वेळात तीन फोन उरकायचे होते. मग फोन उचलला गेला.

"गोपालभाऊ का? मी खामगावहून, दवाखान्यातून डॉक्टर इंगळे बोलतो. करिष्माताई कशा आहेत?"

"हाव सर, बरी आहे."

"डोकं वगैरे दुखत नाही ना?"

"नाई सर. एकदम बरी आहे."

आणि त्याच वेळी गोपालच्या मागून, खोलीच्या दुसऱ्या टोकाहून यावा तसा, एका बाईचा बारीक आवाज आला, "उठून बसलं का फुटते म्हना. पडून राह्यलं का बरं वाटते म्हना." गोपाल म्हणाला, "ठेवतो सर," आणि फोन बंद झाला.

उठून बसलं की दुखतं, पडून राहिलं की थांबतं. हे वाक्य संघर्षनं भूलशास्त्राच्या पहिल्याच वर्षी पाठ केलं होतं. पाठीच्या कण्यात इंजेक्शन देताना सुई मज्जारज्जूभोवतीच्या पिशवीला एक बारीक भोक पाडते. बहुतेकांचं ते आपोआप बुजतं. एखाद्याचं बुजत नाही, आतलं पाणी झिरपत राहतं, आणि माणूस उठून बसला की मेंदू आपल्या जागेवरून किंचित खाली ओढला जातो. त्यानंच डोकं दुखतं. संघर्षचा प्रबंध याच डोकेदुखीवर होता. सिझेरियन होणाऱ्या एकशेवीस बाया, दोन प्रकारच्या सुया, एक धारदार टोकाची आणि एक पेन्सिलीसारख्या टोकाची. कुठल्या सुईनं किती जणींचं डोकं दुखतं, एवढाच प्रश्न. पहिले दोन दिवस वॉर्डात जाऊन विचारायचं. तिसऱ्या दिवशी सुट्टी होते, म्हणून पाचव्या आणि सातव्या दिवशी फोनवर विचारायचं. शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. करिष्मा सत्त्याण्णवावी होती.

त्यानं पुन्हा फोन लावला. वाजत राहिला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा बंद लागला. आतून वॉर्डबॉयनं पेशंट टेबलावर घेतल्याचं सांगितलं, आणि तो उठला. पुढचा अर्धा तास त्यानं हाताच्या सवयीवर काढला. बाईला कुशीवर वळवलं, गुडघे पोटाशी घ्यायला सांगितलं, कमरेच्या हाडापासून बोटानं मोजत वर आला, दोन मणक्यांमधली मऊ जागा सापडली. सुई गेली, तो ओळखीचा हलका टक् बोटांना जाणवला, आणि सुईच्या मागच्या टोकाला पाण्याचा एक स्वच्छ थेंब येऊन थांबला. एरवी हा थेंब पाहून त्याला बरं वाटायचं. आपण बरोबर जागी आहोत, एवढीच त्या थेंबाची भाषा होती. आज त्याच्या मनात आलं की हा थेंब बाहेर आला म्हणजे तेवढा आत कमी झाला. विचार नवीन नव्हता, शास्त्रच ते. पण आजवर तो वहीत होता. बाईनं "पाय गरम होऊन राह्यले" म्हटलं. तो "हो, होतात" म्हणाला आणि रक्तदाब पाहू लागला.

केस संपल्यावर त्यानं सगळे कागद काढले. सत्त्याण्णव फॉर्म. वॉर्डात, पहिल्या दोन दिवसांत, चौघींचं डोकं दुखलं होतं. त्या चौघींची नोंद व्यवस्थित होती, कधी सुरू झालं, कुठं दुखतं, कशानं थांबलं. आणि फोनच्या दोन रकान्यांत, पाचव्या आणि सातव्या दिवशी, वरपासून खालपर्यंत शून्य. एकही आकडा नाही. पुस्तकं सांगतात की ही डोकेदुखी बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर सुरू होते, म्हणजे घरी गेल्यावर. महिन्यापूर्वी हाच कागद त्यानं सरांना दाखवला होता आणि म्हणाला होता, सर, आपले निकाल फार चांगले येताहेत. तेव्हा त्याला खरंच आनंद झाला होता. आता तो एकेक फॉर्म उलटत ते फोन आठवायचा प्रयत्न करू लागला. नवरा, दीर, सासरा, एका ठिकाणी गावातला दुकानदार. "बरी आहे सर." "काही प्रॉब्लेम नाई सर." एखाद्या तरी बाईचा आवाज आपण ऐकला होता का? फॉर्मवर मोबाईल नंबर लिहायची जागा होती, तो कुणाचा हे लिहायची नव्हती. फॉर्म त्यानंच बनवला होता. आणि प्रश्नही त्याचाच होता: दुखत नाही ना? त्या 'नाही ना'मध्ये उत्तर आधीच घालून दिलेलं होतं. समोरच्यानं फक्त ते परत द्यायचं.

विभागप्रमुख राजकुमार सर त्याचे मार्गदर्शक होते. वर्षानुवर्षं रोज भूल देत आल्यामुळं त्यांचा आवाजच हळू झाला होता, जणू समोरचा प्रत्येक जण टेबलावर पडलेला आहे. त्यांनी ऐकून घेतलं.

"तिला लगेच बोलावून घे. उद्याच."

"फोन बंद आहे सर. मी जाऊन येतो, पिंपळगाव राजा वीस-बावीस किलोमीटर आहे."

"जा. आणि इंगळे, बाकीच्यांचं डोक्यात घेऊ नको. फोनवरचा फॉलोअप सगळ्यांचा असाच असतो. दोन महिन्यांत तुला सबमिट करायचंय. रकाने भरलेले आहेत."

"मीच भरलेत सर," संघर्ष म्हणाला. सर दुसऱ्या कागदावर सही करू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोटरसायकलवर निघाला. मागं पुष्पांजली सिस्टर बसल्या होत्या. बावीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढलेल्या, कुणाच्याही घरात सरळ चुलीपर्यंत जाऊ शकणाऱ्या. त्यांना त्यानं फक्त 'चला' म्हटलं होतं. त्यांनी स्वेटरवर शाल घेतली आणि निघाल्या. जानेवारी होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरीची सोंगणी चालली होती. वाऱ्यात बोलता येत नव्हतं, ते बरं होतं. त्याच्या मनात एकसारखं येत होतं की करिष्माला दिलेली सुई पेन्सिलच्या टोकाची होती, म्हणजे चांगली, कमी त्रासाची. पहिल्याच प्रयत्नात गेली होती. त्यानं स्वतः दिली होती. फॉर्मवर सगळं होतं. चूक शोधायला जागा नव्हती, आणि चूक सापडली असती तर बरं झालं असतं असं त्याला वाटत होतं, कारण चूक सापडली की निदान ती तिथं ठेवून पुढं जाता येतं.

घर गावाच्या टोकाला होतं. गोपाल अंगणातच भेटला, तुरीचा भुसा अंगावर घेऊन आलेला तिशीतला माणूस. डॉक्टरला पाहून त्याचा चेहरा उतरला.

"सर, तुम्ही काऊन आले? मी सांगतलं ना बरी आहे."

पुष्पांजली सिस्टर त्याच्या बाजूनं सरळ आत गेल्या. मागच्या खोलीत बाजेवर करिष्मा उताणी पडली होती. डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं, खिडकी पोत्यानं बंद केलेली, खाली शेगडी. पोर तिच्या कुशीत होतं आणि ती पडूनच, मान न हलवता त्याला पाजत होती. सासू, रुखमाबाई, उशाशी बसून तिच्या कपाळावरून हात फिरवत होत्या.

"वारं शिरलं हो डाक्तर साहेब," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या दिवशी घरी आनलं आन् रातच्यालेच धरलं. मी शेकून राह्यली, काढा देऊन राह्यली. उठू देत नाई बिलकुल. उठली का वकारी येते."

"पडल्यावर?"

"पडल्यावर काही नाई."

संघर्ष बाजेशेजारी खाली बसला. काल फोनवर विचारलेला प्रश्न त्याच्या तोंडात आला आणि त्यानं तो गिळला. मग त्यानं विचारलं, "ताई, काय काय होतं ते तुम्ही सांगा."

करिष्मानं सासूकडं पाहिलं, मग दाराकडं. पुष्पांजली सिस्टर उठल्या आणि रुखमाबाईंना म्हणाल्या, "चला मावशी, चहा ठेवू आपुन." दोघी बाहेर गेल्या. करिष्मानं पोराचं तोंड आपल्याकडं वळवलं. मग तिनं एका हातानं डावा डोळा झाकला.

"असं केलं का एक लेकरू दिसते," ती म्हणाली. हात काढला. "असं केलं का दोन. बाजूबाजूले. तीन दिवसापासून. मी कोनाले सांगतलं नाई. म्हनतीन इले बाहेरचं काही लागलं. पाजाले घेते तं मले समजत नाई खरं कोन्तं. मंग हातानं चाचपून पाहते."

त्यानं बोट तिच्या डोळ्यांसमोर धरलं आणि हळूहळू तिच्या डावीकडं नेलं. उजवा डोळा बोटाबरोबर गेला. डावा मध्येच थांबला. मेंदू खाली ओढला गेला की एक बारीक नस ताणली जाते आणि डोळा बाहेरच्या बाजूला वळत नाही. क्वचित होतं. तो स्वतः हे पहिल्यांदा पाहत होता. त्याच्या प्रबंधाच्या मागच्या पानावर दुष्परिणामांच्या यादीत हे एका ओळीत होतं, आणि ती ओळ त्यानं दुसऱ्याच्या लेखातून उतरवून घेतली होती.

"हे बरं होतं ताई," तो म्हणाला. "तुम्हाला काही लागलेलं नाही. पाठीतल्या सुईचं आहे. मी दिलेल्या."

अंगणात गोपाल उभाच होता. संघर्षनं त्याला रागावून विचारायचं ठरवलं होतं, पण प्रत्यक्षात आवाज साधाच निघाला. "गोपालभाऊ, ती आतून सांगत होती. तुम्ही बरी आहे का म्हणालात?"

गोपाल खाली पाहत होता. "सर, तुम्ही तवा कागदावर सही घेतली ना, का तुमचा अभ्यास आहे म्हून. ऑपरेशनच्या टायमाले तुम्ही लय चांगलं वागले आमच्याशी. मले वाटलं, आपुन खराब सांगतलं तं तुमचा अभ्यास बिघडते." अंगावरचा भुसा झटकत तो म्हणाला, "आन् इचं तं होईन बरं चार दिवसात. बाळंतपनात दुखतेच डोकं."

सत्त्याण्णव घरांतून आलेली ती सगळी शून्यं त्याला आतापर्यंत आळशीपणाची वाटत होती, स्वतःच्या किंवा त्यांच्या. त्यांतली काही भेट म्हणून आलेली असतील हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. हा माणूस त्याला उत्तर देत नव्हता, मदत करत होता.

करिष्माला दवाखान्यातून मागवलेल्या गाडीत आडवी घालूनच खामगावला आणलं. डोक्याचा स्कॅन झाला. आत रक्तस्राव नव्हता. उपाय एकच उरला होता: तिच्याच दंडातलं रक्त घेऊन पाठीत, त्या भोकाच्या जागी सोडायचं, म्हणजे ते गोठून भोक बुजतं. रुखमाबाई ऐकून उभ्या राहिल्या. "पुन्हा पाठीत? ज्यानं झालं तेच पुन्हा?" त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं म्हणता येत नव्हतं. गोपालनं सरांकडं पाहिलं, सरांनी संघर्षकडं. संघर्षनं कागद घेऊन करिष्माच्या चेहऱ्याजवळ वाकून सगळं सांगितलं, काय करणार, काय होऊ शकतं, पाठ किती दिवस दुखेल, नाही केलं तर काय. तिनं डोळे मिटूनच ऐकलं.

"द्या," ती म्हणाली. "मले बसून पाजायचं आहे."

त्यानं तिच्या दंडातून रक्त काढलं, सर पाठीत सुई धरून होते. रक्त गरम होतं, सिरिंजमधून ते बोटांना कळत होतं. हळूहळू सोडताना तिनं "दाटून राह्यलं" म्हटलं आणि ते थांबले. मग तासभर तिला आडवंच ठेवायचं होतं. त्या तासात तो तिच्या खाटेजवळच्या स्टुलावर बसून राहिला. तिथं बसायची गरज नव्हती. त्याला त्याची आई आठवत होती. चांगुणाबाई, संग्रामपूरकडं, गावात असतात. त्याच्या बारावीच्या वर्षी त्यांची गर्भपिशवी काढली होती, पाठीत सुई देऊन. तेव्हापासून कंबर दुखते म्हणायच्या, सुईच्या जागी, अगदी तिथंच, बोट ठेवून दाखवायच्या. भूलशास्त्राला लागल्यावर पहिल्या सुट्टीत त्यानं त्यांना समजावून सांगितलं होतं की सुईनं कायमची पाठ दुखत नाही, संशोधन झालंय, हे वयाचं आणि कामाचं आहे. ते बरोबरच होतं, आजही त्यात एक शब्द बदलावा असं त्याला वाटत नव्हतं. आईनं सगळं ऐकलं, "बरं बाबू" म्हणाल्या, आणि त्यानंतर कंबर दुखते असं कधी बोलल्या नाहीत. त्याला वाटलं होतं आपण त्यांची भीती घालवली. दुखणं गेलं होतं का, हे त्यानं विचारलं नव्हतं. वडील, कचरूजी, फोनवर नेहमी म्हणायचे, "तुह्या मायची तब्येत एकदम टकाटक."

तास झाल्यावर त्यांनी करिष्माला बसवलं. तिनं दोन्ही हातांनी खाटेची कड घट्ट धरली आणि वाट पाहिली. सगळेच वाट पाहत होते. तिच्या चेहऱ्यावर दुखण्याची तयारी होती, ओठ आवळलेले, खांदे वर घेतलेले. अर्धं मिनिट गेलं, एक मिनिट गेलं. मग खांदे खाली आले. "नाई फुटून राह्यलं," ती जरा रागानंच म्हणाली, जणू कुणी तिला फसवलं होतं, आणि रडायला लागली. दोन दिसणं लगेच गेलं नाही, त्याला महिना-दीड महिना लागेल असं त्यांनी सांगितलं. पाच आठवडे लागले.

आठवड्यानं संघर्ष सरांकडं गेला. फोनचे दोन्ही रकाने त्यानं लाल पेनानं आडवे छेदले होते, सगळेच्या सगळे, आणि प्रत्येकावर सही आणि तारीख घातली होती. पुन्हा प्रत्येक बाईला स्वतःला विचारायचं, आठवणीवर सांगितलेलं आहे असं स्पष्ट लिहायचं, भेटणार नाही तिथं 'माहीत नाही' लिहायचं. पुढं नोंदवल्या जाणाऱ्या तेवीस जणींना घरी जाऊन विचारायचं. सरांनी कागद उलटसुलट पाहिले.

"परीक्षा सहा महिने पुढं जाईल. कळतंय ना?"

"हो सर."

"आणि एवढं करून निकाल गबाळाच दिसेल. माहीत नाही, माहीत नाही." त्यांनी कागद एकावर एक नीट लावले. मग म्हणाले, "पद्धत बदलतोयस, नैतिक समितीला पत्र दे आधी. माझी सही घेऊन जा. करिष्माचं समितीला मी स्वतः कळवतो."

मग ते चार महिने रविवारचे गेले. तो आणि पुष्पांजली सिस्टर. पहिल्या-पहिल्यांदा त्याला वाटलं होतं की बाया रागावतील, नाहीतर गप्प बसतील. तसं फारसं झालं नाही. सिस्टर पुरुषांना काहीतरी निमित्तानं बाहेर काढायच्या, आणि तो विचारायचा, "घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात कसं होतं ते सांगा." मग गप्प बसायचा. हे गप्प बसणं त्याला जड जायचं. थिएटरमध्ये शांतता झाली की काहीतरी बिघडलंय असं समजायची त्याला सवय होती. सत्त्याण्णवपैकी ऐंशी भेटल्या. सहा जणींचं घरी गेल्यावर डोकं दुखलं होतं, उठून बसलं की. त्यांतल्या एकीनं त्यासाठी चष्मा केला होता, एकीनं उपास धरले होते. कुणीही दवाखान्यात कळवलं नव्हतं. बऱ्याच जणींना पाठीचंच सांगायचं होतं आणि तो ते ऐकून घेत होता, उतरवून घेत होता, संशोधन झालंय असं म्हणत नव्हता.

उंद्रीला गेले तेव्हा मे महिना होता, सकाळी नऊलाच ऊन चढलं होतं. पायल वानखडे, फॉर्म नंबर एकेचाळीस, घरापुढच्या पत्र्याच्या सपरीत बसून पोराला वाटीतलं वरण भरवत होती. पोर वर्षाचं होत आलं होतं, धष्टपुष्ट, वरण हातानं उडवणारं. नवरा कामाला गेला होता. तिनं दोघांना ओळखलं, पाणी दिलं. संघर्षनं फॉर्म काढला आणि विचारलं.

"डोकं नाई दुखलं," ती म्हणाली. "पाठ बी नाई. मस्त व्हती मी. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी भाकरी केल्या."

त्यानं शून्य लिहिलं. या वेळी ते खरं होतं. तो पेन मिटणार तोच ती म्हणाली, "पन एक सांगू का सर? तुम्ही तवा माह्या डोक्यापाशी बसले व्हते. तुम्हीच व्हते ना?"

"हो."

"मले समदं ऐकू येऊन राह्यलं व्हतं. कमरेखाली काही नाई, पाय कोनाचे तरी दुसऱ्याचे असल्यासारखे, पन कान चालू. ते म्हने निघालं, निघालं. आन् मंग कोनीच बोललं नाई. लेकराचा आवाज नाई. मी तुमाले विचारलं, रडून काऊन नाई राह्यलं? तुम्ही म्हनले, थांबा. बस. थांबा. मले उठता येत नाई, पाहता येत नाई, पडदा लावेल. मी मोजून राह्यली व्हती. एक-दोन-तीन, असं. दोनशेपावतर मोजलं. मंग रडला हा." तिनं पोराच्या तोंडावरचं वरण पदरानं पुसलं. "आता चांगला आहे. पन अजूक बी मधातच, भांडे घासता घासता, मले ते मोजनं लागते. एक-दोन-तीन. हे त्या सुईचं असते का?"

संघर्षला ती केस आठवत नव्हती. बाळाला तोंडातलं पाणी ओढून, पाठ चोळून रडवावं लागलं असणार, होतं तसं, रोजच्यातलं. पण फॉर्मच्या मागं ऑपरेशनच्या वेळचा तक्ता जोडलेला होता, आणि तो त्यानं उलटून पाहिला. त्या मिनिटांची नोंद त्यानं स्वतः केली होती. रक्तदाब एकशेदहा-सत्तर. नाडी एकशेतीस. ऑक्सिजन नव्व्याण्णव. नाडीच्या आकड्यापुढं त्याच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'तक्रार नाही.'

पुष्पांजली सिस्टर पोराकडं पाहत होत्या. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

"नाही," तो म्हणाला. "सुईचं नाही. माझं आहे. मी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं की बाळाला डॉक्टरांनी घेतलंय, काम चालू आहे, बाळाचं हृदय चालू आहे. मला दिसत होतं सगळं. सांगायला दोन सेकंद लागले असते."

तिला उत्तर पटलं की नाही ते कळत नव्हतं. पोरानं वाटी उपडी केली.

"हे बी लिहिता का त्याच्यात?" तिनं विचारलं.

फॉर्मवर जागा नव्हती. त्यानं कागद उलटा करून मांडीवर ठेवला. "पुन्हा सांगा," तो म्हणाला, "सुरुवातीपासून. हळूहळू सांगा."

पायलनं पोराला मांडीवर घेतलं आणि सांगायला सुरुवात केली.